लाल टोपी, केशरी टोपी

इंदापूरहून पुण्यात जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला आले तेव्हा बारावीपर्यंतचं माझं सगळं शिक्षण मराठीतून झालेलं. अप्पा बळवंत चौकातून फार्माकॉलॉजीचं, म्हणजे औषधशास्त्राचं जुनं पुस्तक आणलं आणि पहिल्या पानापासून पाठ करायला बसले. आठवड्याभरात रडकुंडीला आले.

होस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालता घालता एका सीनियर ताईने सांगितलं, "औषधाचं आडनाव बघ गं." अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल हे सगळे एका घरातले. यांच्यातलं कुणीही चार्टवर दिसलं की आधी नाडी आणि बीपी, मग गोळी. रामिप्रिल, एनालाप्रिल ही 'प्रिल' मंडळी बीपीचीच, पण यांच्यामुळे कोरडा खोकला लागू शकतो. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल हे 'प्राझोल' ॲसिडिटीचे, जेवणाआधी द्यायचे. हृदयासाठीचं डिगॉक्सिन मात्र एकटा जीव. छातीवर स्टेथो ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. मोठ्या माणसात साठच्या खाली असतील तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं. असं घराणं-घराणं करून वही भरली, देवनागरीतच. त्या वहीला वर्गात हसले, परीक्षेच्या आदल्या रात्री तीच फिरली.

पण वहीतलं हातात उतरायला वेळ लागतो.

दुसऱ्या वर्षी मेडिसिन वॉर्डला संध्याकाळची ड्युटी. चार्टवर बारा युनिट साधं इन्शुलिन, जेवणाआधी. वॉर्डमधली शिशी संपलेली. नातेवाइकांनी घरून इन्शुलिन पेनचं काडतूस आणलेलं, सुई मात्र विसरले होते. मी ट्रॉलीतली लाल टोपीची सिरिंज घेतली, काडतुसातून बाराच्या रेघेपर्यंत भरलं आणि इन्चार्ज सिस्टरांना दाखवायला गेले. इन्शुलिन, हेपॅरिन आणि पोटॅशियम दुसऱ्या नर्सला दाखवल्याशिवाय द्यायचं नाही, हा तिथला दंडक. मला तो उगाचचा वाटायचा.

सिस्टर सिरिंजकडे बघून म्हणाल्या, "कशातून भरलंस, ते आण इकडे."

आपल्याकडे इन्शुलिन दोन ताकदींचं मिळतं. साध्या शिशीत बहुतेक वेळा एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट असतात, पेनच्या काडतुसात 100. लाल टोपीची सिरिंज 40 साठी, केशरी टोपीची 100 साठी. लाल सिरिंजवर बाराची रेघ म्हणजे 0.3 मिलि. त्यात काडतुसातलं औषध भरलं की होतात 30 युनिट. अडीच पट! सिस्टरांनी हा हिशोब माझ्याकडूनच कागदावर करून घेतला. शेवटचा आकडा लिहिताना माझा हात थरथरत होता. त्या ओरडल्या नाहीत, सिरिंज फेकून दिली आणि म्हणाल्या, "आता डबा आलाय का ते बघ." डबा स्वारगेटच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला. साधं इन्शुलिन जेवणाच्या अर्धा तास आधी देतात. डब्याचाच पत्ता नसताना टोचलं तर साखर धाडकन खाली येते. म्हणून आधी साखर तपासायची, जेवण येतंय याची खात्री करायची, मगच सुई.

पोटॅशियम क्लोराइडचं थोडक्यात: 10 मिलिची एम्प्यूल दिसायला डिस्टिल्ड वॉटरसारखी. ती कधीही थेट शिरेत ढकलायची नाही, हृदय थांबतं. सलाइनमध्ये मिसळून, नीट हलवून, सावकाश. एम्प्यूल फोडायच्या आधी लेबल मोठ्याने वाचायची सवय मला तिथूनच लागली. शेजारचे पेशंट हसतात, हसू देत.

सलाइनच्या थेंबांचं गणित भीती वाटते तेवढं अवघड नाही. मिलिलिटर गुणिले सेटचे थेंब (त्या नळीतून एका मिलिलिटरला किती पडतात ते), भागिले मिनिटं. 500 मिलि चार तासांत, 20 थेंबांचा सेट: दहा हजार भागिले 240, म्हणजे मिनिटाला साधारण 42. सेटच्या पाकिटावर थेंब छापलेले असतात, ते वाचा. मायक्रो सेटचे 60 असतात.

आणि पेशंटला "तुम्ही जाधव आजी ना?" असं विचारू नका. ऐकायला कमी येणारी म्हातारी कशालाही "हो गं बाई" म्हणते, आणि आमच्या वॉर्डात त्या आठवड्यात दोन जाधव आजी होत्या. "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा," म्हणायचं आणि हातातल्या पट्ट्याशी, केस पेपरच्या नंबराशी ताडून बघायचं. गोळ्या उशाशी ठेवून पुढच्या खाटेकडे जायचं नाही. मी एकदा चादर बदलताना गादीखाली तीन दिवसांच्या गोळ्या काढल्यात, चार्टवर मात्र सगळ्या सह्या वेळेवर होत्या. त्यातल्या दोन माझ्या.

तेव्हापासून गोळी घशाखाली उतरली की मगच पेनाचं टोपण काढते.