बारा व्होल्टच्या दिव्यांचं वायरिंग: या चुका टाळा

फॉल्स सीलिंगच्या कोव्हमधली (कडेच्या खाचेतली) एलईडी स्ट्रिप एका टोकाला लख्ख आणि दुसऱ्या टोकाला पिवळट. बागेतला शेवटचा दिवा नुसता मिणमिणतोय. अशा वेळी आपण दुकानात जाऊन दिवेच बदलून आणतो आणि नवे दिवेही तसेच लागतात, कारण दोष बहुतेक वेळा वायरचा असतो.

सगळ्याचं मूळ एका वाक्यात आहे: "बाराच व्होल्ट तर आहेत, कुठलीही वायर चालेल." शॉक बसत नाही हे खरं. पण 48 वॅटचे दिवे 230 व्होल्टवर जेमतेम 0.2 अँपिअर घेतात, तेच 12 व्होल्टवर 4 अँपिअर. वायरला व्होल्टशी देणंघेणं नाही, ती तापते अँपिअरने.

बारीक वायर, लांब अंतर

समजा ड्रायव्हर (230 चे 12 व्होल्ट करून दिव्यांना देणारा डबा) पोर्चमध्ये आहे, दिवे 20 मीटरवर कुंपणापाशी, आणि इलेक्ट्रिशियनने एकची (1 स्क्वेअर एमएम) वायर ओढली. जाऊन-येऊन 40 मीटर तांबं झालं. त्यात 4 अँपिअरला साधारण 3 व्होल्ट वाटेतच खपतात आणि दिव्याला उरतात नऊ. अडीचची वायर टाकली तर घट सव्वा व्होल्टच्या आसपास येते. सुरुवातीलाच 24 व्होल्टचा ड्रायव्हर आणि 24 व्होल्टचेच दिवे घेतले तर करंट निम्मा होतो आणि अडीचच्या वायरीत पाऊण व्होल्टही जात नाही. माझं मत विचाराल तर दहा मीटरच्या पुढे 12 व्होल्टचा हट्ट धरूच नये.

स्ट्रिपला स्ट्रिप जोडत जाणं

पाच मीटरचा रोल संपला की त्याच्या शेपटीला दुसरा जोडायचा, हा सर्रास दिसणारा प्रकार. स्ट्रिपमधली तांब्याची पट्टी कागदासारखी पातळ असते. दुसऱ्या रोलचा सगळा करंट पहिल्या रोलच्या पट्टीतून ओढला की तिचं टोक तापतं. प्रत्येक रोलला ड्रायव्हरपासून वायरची स्वतंत्र जोडी द्या. बागेतही ड्रायव्हर शक्यतो दिव्यांच्या मधोमध ठेवा आणि दोन्ही बाजूंना वायरच्या फांद्या काढा.

"एमसीबी आहे ना!"

मेन बोर्डावरचा एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) वाचवेल, ही समजूत सगळ्यात महाग पडू शकते. 12 व्होल्ट, 30 अँपिअरचा जाळीदार एसएमपीएस (मोठा ड्रायव्हरच) आणि त्यातून निघालेली अर्ध्याची लाल-काळी जुळी वायर हे जोडपं डोळ्यांसमोर आणा. दहा मीटरवर शॉर्ट झालं तर वायरच्या स्वतःच्या रेझिस्टन्समुळे साधारण 16-17 अँपिअर वाहतात. एसएमपीएसला तो नेहमीचा लोड वाटतो. तिकडे 230 व्होल्टच्या बाजूला एक-दीड अँपिअरच वाढतो, त्यामुळे 6 अँपिअरच्या एमसीबीला खबरच लागत नाही. पीओपीच्या वर मात्र वायर वितळत राहते. उपाय स्वस्त आहे: प्रत्येक फांदीला तिच्या वायरला झेपेल असा फ्यूज, नाहीतर एका मोठ्याऐवजी दोन-तीन लहान ड्रायव्हर. ड्रायव्हरवर लोड त्याच्या क्षमतेच्या 80 टक्क्यांपर्यंतच ठेवा आणि तो हात पोचेल अशा जागी बसवा. ट्रॅपडोअर (उघडता येणारं झाकण) नसलेल्या सीलिंगवर टाकलेला ड्रायव्हर बदलायचा म्हणजे पीओपी फोडणं आलं.

एकाच पाईपात दोन्ही

पाईप रिकामा दिसला म्हणून मेनच्या वायरींबरोबर ही जुळी वायर ढकलू नका. तिचं इन्सुलेशन 230 व्होल्टसाठी नसतं. मेनची वायर कुठे सोलली गेली तर दिव्यावर थेट 230 येतील, आणि तो दिवा कारंज्याच्या कडेला असेल तर काय होईल ते सांगायला नको.

जॉइंट

बाहेर पिळा मारून काळी टेप गुंडाळली की एक पावसाळाही निघत नाही. कोकणात तर तांबं हिरवं पडलेलंच सापडतं. सोल्डर करून गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) चढवा, नाहीतर जेल भरलेला कनेक्टर वापरा. जॉइंट मातीत न पुरता जमिनीवरच्या वॉटरप्रूफ बॉक्समध्ये घ्या.

दोष शोधताना

मल्टीमीटर लावा, पण दिवे चालू ठेवून. लोड नसताना शेवटच्या दिव्यापाशीही पूर्ण 12 दिसतात आणि माणूस फसतो. ड्रायव्हरपाशी 12 आणि टोकाला 9-10 असेल तर वायर किंवा जॉइंट. ड्रायव्हरपाशीच कमी असेल तर तो ओव्हरलोड आहे किंवा गेलाय. जुन्या हॅलोजन स्पॉटच्या जागी एलईडी लावल्यावर लुकलुक होत असेल तर हॅलोजनला 12 व्होल्ट देणारा जुना इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर पाहा: त्यावर निदान किती वॅट हवेत ते लिहिलेलं असतं आणि पाच वॅटचा एलईडी तिथवर पोचत नाही.

वायर पुरण्याआधी चर उघडा असताना मेजरिंग टेप शेजारी धरून फोटो काढा आणि माळ्यालाही पाठवून ठेवा. कुदळ त्याच्याच हातात असते.