दुसऱ्याच्या बोटीसाठी आपल्या बोटीवर काय असावं

१ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी संपत आली की जेटीवर एकच गडबड उडते. इंजिनाचं काम, रंग, जाळ्यांची डागडुजी, बर्फ, डिझेल, रेशन. या सगळ्यात एक गोष्ट बहुतेक बोटींवर राहून जाते: शेजारची बोट अडचणीत आली तर तिच्यासाठी आपण काय घेऊन निघालोय? तटरक्षक दलाचं जहाज किंवा हेलिकॉप्टर यायला वेळ लागतो. अर्ध्या तासात पोचेल ती बहुतेक वेळा दुसरी मच्छीमार बोटच. १४ मार्च २०२० ला मांडव्याजवळ प्रवासी बोट बुडू लागली तेव्हा पोलिसांची गस्ती बोट जवळ होती, म्हणून ८८ च्या ८८ प्रवासी वाचले. १८ डिसेंबर २०२४ ला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून मुंबई बंदरात नीलकमल ही प्रवासी बोट बुडाली, तेव्हाही पाण्यातल्या कितीतरी जणांना वर ओढलं ते आसपासच्या बोटींनी. मदतीला धावणं कोकणात कुणाला शिकवावं लागत नाही. पण दोर कुजका, लाइफ जॅकेटं मोजकी आणि ओढून आणायचा सराव नाही अशी बोट धावली, तर घरच्यांना एकाऐवजी दोन बोटींची वाट बघत बसावं लागतं.

सुरुवात दोरापासून करा, कारण समुद्रातल्या हाका बऱ्याचदा इंजिन बंद पडलं किंवा बोटीच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) जाळं गुंतलं म्हणूनच येतात. ओढायचा दोर वेगळा असावा. जाळ्याचा उतरलेला, उन्हाने चरचरीत झालेला दोर या कामाला चालत नाही. नायलॉनचा उत्तम, कारण तो ताणला जातो आणि लाटेचा हिसका स्वतः खातो. तरंगणारा प्लास्टिकचा दोर पंख्यात सहसा जात नाही हे खरं, पण उन्हात तो लवकर मरतो. तो वापरत असाल तर दर हंगामाला पिळून, उलगडून आतले धागे बघा. लांबी निदान पन्नास वाव हवी (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट). दोर आखूड असला की एक बोट लाटेच्या माथ्यावर आणि दुसरी खळग्यात येते आणि प्रत्येक लाटेला झटका बसतो. दोन्ही बोटी एकाच वेळी चढतील आणि एकाच वेळी उतरतील इतका दोर सोडायचा.

हा दोर बांधणार कुठे ते आजच, बोट जेटीला असतानाच ठरवा. कठड्याला नाही, केबिनच्या खांबाला नाही. बोटीच्या सांगाड्यात पक्का बसवलेला खुंटाच हवा, आणि तो हलतो का ते चार माणसांनी ओढून बघायला पाच मिनिटंही लागत नाहीत. दोर जिथे कडेला घासतो तिथे जुन्या रबरी पाइपाचा तुकडा चढवा. खुंट्याशेजारी कोयता किंवा कुऱ्हाड बांधलेली असावी, कारण ओढली जाणारी बोट बुडू लागली किंवा दोर आडवा येऊन तुमचीच बोट कलंडू लागली तर गाठ सोडायला वेळ मिळत नाही. आणि खलाशांना हे शंभर वेळा सांगा: ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. तुटलेला दोर उलटा फिरतो आणि समोरच्याचे हाडं मोडतो.

दोर द्यायला दुसऱ्या बोटीला खेटू नका. वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला थांबा, बारीक दोरीला झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन बांधा आणि पाण्यात सोडा, वाराच तो त्यांच्याकडे नेईल. त्या वेळी तुमचा पंखा थांबलेला हवा. ओढताना वेग कमी, पलीकडच्यांनी वजन मागे सरकवायचं, सुकाणू सरळ धरायचं, सगळ्यांच्या अंगात जॅकेट. खाडीच्या मुखाशी गाळ असेल तर ओहोटीला आत घुसायची घाई करू नका. भरतीची वाट बघत बाहेर थांबलेलं बरं.

आता वायरलेस. व्हीएचएफचं, म्हणजे बोटीवरच्या वायरलेस सेटचं, १६ नंबरचं चॅनेल संकटासाठी आहे आणि तिथे मासळीच्या भावाच्या गप्पा मारणं हा गुन्हा समजावा, मी तरी समजतो. कुणाची हाक ऐकू आली आणि पुढे उत्तर ऐकू आलं नाही, तर गप्प बसू नका. ती हाक आपल्या आवाजात पुढे द्या: बोटीचं नाव, नंबर, जागा, माणसं किती, झालं काय. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३, हे दोन्ही नंबर केबिनच्या आत रंगाने लिहून ठेवा. उपग्रहामार्फत संकटाचा संदेश पाठवणारा, इस्रोच्या तंत्रावर चालणारा ट्रान्सपॉन्डर बोटीवर बसवला असेल तर तो कसा चालवायचा हे तांडेलाखेरीज (बोट चालवणाऱ्या प्रमुखाखेरीज) आणखी दोघांना आलंच पाहिजे. तांडेलच पाण्यात पडला तर बटण कोण दाबणार?

जागा सांगताना होणारी गफलत मात्र सगळ्यात घातक. समजा तुमचा जीपीएस १६.२५ दाखवतोय आणि तुम्ही घाईत ‘सोळा पंचवीस’ म्हणालात. ऐकणारा ते १६ अंश २५ मिनिटं असं लिहून घेतो. पण १६.२५ अंश म्हणजे १६ अंश १५ मिनिटं. फरक १० मिनिटांचा, म्हणजे १० सागरी मैलांचा, साधारण साडेअठरा किलोमीटर. तेवढ्या पाण्यात रात्री माणूस शोधून दाखवा! म्हणून बंदरातल्या सगळ्या बोटींनी बसून जीपीएस एकाच पद्धतीवर लावून घ्यावेत, अंश आणि मिनिटांवर, आणि आकडा ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवावा.

पाण्यातला माणूस वर घ्यायची तयारीही वेगळीच. दमलेला, गारठलेला माणूस ट्रॉलरच्या उंच कडेवरून स्वतः चढू शकत नाही. हाताला धरला तर निसटतो. जाड जाळ्याचा तीन-चार वाव रुंद तुकडा कडेवरून सोडता येईल असा गुंडाळून ठेवा. त्यात पाय अडकवता येतो, आणि अगदीच गळून गेलेल्याला त्यातच आडवा गुंडाळून वर घेता येतो. जवळ जाताना नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वाऱ्याकडे ठेवा, वेग सोडा, माणूस बाजूला आला की गिअर न्यूट्रलला. त्याच्यामागे कुणी उडी मारायची नाही. आधी दोरी बांधलेली रिंग फेका, नसेल तर जाळ्याचे बोये, रिकामे कॅन, जे तरंगतं ते. जॅकेट नसलेल्याला आधी उचला. चार-पाच जॅकेटं जादा ठेवा, आणि ती जाळ्याच्या ढिगाखाली नको, हाताला येतील अशी. वर आलेल्यांना एकाच बाजूला गर्दी करू देऊ नका, बोट कलते.

वर आल्यावर ओले कपडे काढा, कोरडी चादर किंवा गोधडी द्या. शुद्धीत असेल आणि नीट गिळता येत असेल तर गोड, कोमट चहा. दारू अजिबात नाही. पोट दाबून पाणी काढणं, उलटं टांगणं हे प्रकार अजून चालतात आणि त्यात जीव जातात. श्वास नसेल तर तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबणं हेच करायचं, आणि ते पुस्तकात वाचून येत नाही, बंदीच्या काळात डॉक्टरांना मच्छीमार सोसायटीत बोलावून हाताने करून शिकावं लागतं. पाणी छातीत गेलेला माणूस उठून बोलू लागला तरी त्याला इस्पितळात न्यायचंच.

आग लागलेल्या बोटीला बांधून घेऊ नका. तिच्यावर गॅसचा सिलिंडर आहे हे गृहीत धरा, वाऱ्याच्या वरच्या अंगाला राहा आणि माणसांना पाण्यात उतरायला सांगून उचला.

किनाऱ्यावर मालकाकडे एक कागद हवा: बोटीचा नंबर, रंग, निघाल्याची वेळ, जाणार कुठे, आणि बोटीवरच्या प्रत्येकाचं नाव व घरचा फोन. आपल्या बोटींवर नेपाळचे खलाशी आहेत, परराज्यातले आहेत. त्यातल्या कितीजणांना पोहता येतं हे निघण्याआधी विचारा, आणि वरच्या सगळ्या सूचना त्यांना कळतील अशा भाषेत सांगा. दोन-तीन बोटींची जोडी ठरवा, संध्याकाळी ठरलेल्या वेळी एकमेकांना हाक द्या. दोन वेळा उत्तर आलं नाही तर शोध सुरू करायचा, सकाळची वाट बघायची नाही.

भांडणांचंही आधीच बोलून ठेवावं. पर्ससीन (मोठ्या घेर जाळ्याने मासे धरणारे) आणि पारंपरिक मच्छीमार, आपली बोट आणि परराज्यातली, हे वाद खरे आहेत आणि ते किनाऱ्यावर भांडायचेच आहेत. पण डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळात केरळच्या ६६ आणि तमिळनाडूच्या २ बोटी ९५२ मच्छीमारांसह सिंधुदुर्गात सुखरूप लागल्या, तेव्हा आपल्या किनाऱ्याने त्यांना आसरा दिला. समुद्राच्या कायद्यातही आपल्या बोटीला आणि माणसांना गंभीर धोका होणार नसेल तर बुडणाऱ्याला मदत करणं हे कर्तव्य आहे, मग तो कुणीही असो. डिझेलचा खर्च आणि वाया गेलेली खेप यांचा हिशेब कसा करायचा ते सोसायटीच्या सभेत ठरवून लिहून ठेवा, म्हणजे लाटांमध्ये दोर हातात धरून कुणी पैशांचं बोलणार नाही. जाळं पाण्यात असेल तर बोया बांधून, जागा जीपीएसमध्ये नोंदवून सोडा आणि निघा.

परत आल्यावरची दोन कामं विसरू नका. माणसं सापडली हे तटरक्षक दलाला ताबडतोब कळवा, नाहीतर त्यांची जहाजं रिकाम्या पाण्यात शोधत राहतात. आणि वापरलेला दोर गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, पुन्हा त्याच जागी ठेवा. ताणून खराब झाला असेल तर पुढच्या खेपेआधी नवा घ्या.