इंटरनेटवरून परदेशात स्वस्तात फोन कसा लावायचा, आणि पैसे नेमके कुठे कापले जातात

परदेशात फोन करायला आता पैसे कशाला लागतात, व्हॉट्सअॅप आहेच की, असं बरेच जण म्हणतात आणि ते खरंही आहे, पण समोरच्याकडे स्मार्टफोन, नेट आणि तेच अॅप असेल तरच. माझ्या मावशीकडे नाहीये. तिच्याकडे लँडलाइन आहे, वय ऐंशीच्या पुढे, टचस्क्रीनला बोट लागलं की भलतंच काहीतरी उघडतं म्हणून मोबाईल तिने कपाटात ठेवून दिलाय, आणि मला तिच्याशी आठवड्यातून दोनदा तरी बोलल्याशिवाय चैन पडत नाही. तिकडच्या बँकेला, हॉस्पिटलला किंवा कॉलेजच्या ऑफिसला फोन करायचा असेल तरी तेच, तिथे बहुतेक वेळा साधा नंबरच लावावा लागतो. मी हे लिहितेय ते मुख्यतः अशा कॉलसाठी. दोघांकडेही अॅप असेल तर प्रश्नच नाही, व्हॉट्सअॅप, सिग्नल, फेसटाइम जे चालत असेल ते वापरा, फक्त डेटा जातो आणि तोही थोडाच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. तुमचा आवाज छोट्या छोट्या तुकड्यांत कापला जातो, साधारण २० मिलिसेकंदांचा एक तुकडा, आणि ते तुकडे नेटवरून जातात. अॅपवरून अॅपला कॉल असेल तर शेवटपर्यंत नेटच असतं म्हणून वेगळं बिल नाही. पण समोर साधा फोन असेल तर कुठेतरी तो आवाज नेटमधून बाहेर काढून तिकडच्या फोन कंपनीच्या हवाली करावा लागतो, आणि ती कंपनी तिच्या फोनपर्यंत कॉल पोचवून द्यायचे पैसे घेते. तुम्ही भरता ते मुख्यतः त्या शेवटच्या टप्प्याचे. म्हणून अंतराचा आणि रेटचा फारसा संबंध नाही, शेजारचा देश महाग आणि पृथ्वीच्या पलीकडचा स्वस्त असं सर्रास दिसतं. आणि म्हणूनच एकाच देशात लँडलाइनचा रेट एक आणि मोबाईलचा दुसरा असतो, कितीतरी देशांत मोबाईलचा रेट लँडलाइनच्या कितीतरी पट असतो. तेव्हा 'अमुक देशाला स्वस्तात कॉल' अशी जाहिरात दिसली तर तो रेट लँडलाइनचा आहे की मोबाईलचा, हे पहिलं बघा.

इथेच अजून एक गोंधळ निस्तरून टाकते, कारण यात चांगल्या शिकल्या सवरलेल्या माणसांना मोठी बिलं आलेली मी बघितलीयेत. फोनच्या सेटिंगमधलं वाय-फाय कॉलिंग म्हणजे इंटरनेट फोन सेवा नव्हे. ते चालू केलं की तुमचा कॉल वाय-फायवरून जातो खरा, पण जातो तुमच्याच मोबाईल कंपनीकडे, आणि परदेशात लावला तर ती कंपनी तिच्या नेहमीच्या आंतरराष्ट्रीय रेटनेच पैसे लावते. स्वस्त कॉल हवा असेल तर अॅप उघडायचं आणि अॅपच्या डायलपॅडवरून नंबर लावायचा. फोनच्या नेहमीच्या डायलरवरून लावलात तर अॅपमधला बॅलन्स तसाच राहतो आणि महिन्याच्या बिलात आकडा येतो.

आता सेवा निवडायची कशी. व्हायबर आउटसारखी सेवा म्हणजे अॅप टाका, थोडा बॅलन्स भरा, नंबर लावा, इतकं सोपं. अशा अॅप खूप आहेत, नावं बदलत राहतात, त्यामुळे मी नावापेक्षा अटी वाचायला सांगीन. माझा अनुभव सांगते. पहिली सेवा घेतली ती निव्वळ मिनिटाचा रेट बघून, सगळ्यात कमी होता. मावशीला फोनपर्यंत यायला वेळ लागतो, गुडघे दुखतात, आणि पाच रिंग झाल्या की तिचं आन्सरिंग मशीन फोन उचलतं. मी ठेवायची, परत लावायची, परत मशीन. चौथ्यांदा ती भेटली, छान बोललो, आणि नंतर कॉल हिस्टरी उघडून बघते तर मशीनने उचललेले ते तीन कॉल प्रत्येकी सहा-सात सेकंदांचे, आणि प्रत्येकाचं पूर्ण एक मिनिट लावलेलं, वर प्रत्येक कॉलला कनेक्शन फी वेगळी. मिनिटाच्या रेटपेक्षा ती फीच जास्त होती. फोन मशीनने उचलला तरी तो उचललाच धरतात, मीटर तिथूनच सुरू.

तेव्हापासून मी मिनिटाच्या रेटबरोबर एवढं बघतेच. कनेक्शन फी आहे का. हिशोब सेकंदाला होतो की मिनिटाला, कारण मिनिटाला असेल तर ६१ सेकंदांचे दोन मिनिटं धरतात, आणि दहा-दहा सेकंदांचे सहा कॉल केलेत तर बोललात एकच मिनिट पण कापली जातात सहा. बॅलन्स किती दिवसांनी बाद होतो, काही ठिकाणी बरेच महिने वापरला नाही तर गोठवतात आणि परत चालू करून घ्यावा लागतो. टॅक्स दाखवलेल्या रेटमधे धरलाय की भरताना वरून लागतो. आणि 'अनलिमिटेड' प्लॅन असेल तर खालची बारीक अक्षरं वाचाच, तिथे बहुतेक वेळा फेअर युसेजची, म्हणजे जास्तीत जास्त किती बोलता येईल याची, मर्यादा असते आणि कधीकधी मोबाईल नंबर त्यात धरलेलेच नसतात. महिन्याला तासभरसुद्धा बोलणं होत नसेल तर प्लॅनच्या नादाला लागू नका, मिनिटावारीच परवडतं.

आणि एकदम मोठी रक्कम कधीच भरू नका, कितीही बोनस देत असले तरी. स्काईप २००३ साली आलं, इतकी वर्षं लोकांनी त्याच्यावरून जगभर फोन केले, मागे मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी, आणि तरी मे २०२५ मधे ते बंद झालं. छोटी सेवा तर कधीही गुंडाळली जाऊ शकते. महिना-दोन महिने पुरेल एवढंच भरा आणि ऑटो रिचार्ज बंद ठेवा.

नंबर लावताना होणाऱ्या चुका. कायम अधिकच्या चिन्हाने सुरुवात करा, मग देशाचा कोड, मग नंबर. ००, ०११, ०१० असले बाहेर जायचे कोड देशागणिक वेगळे असतात, + टाकलं की त्या भानगडीत पडावं लागत नाही. नंबरच्या सुरुवातीला शून्य असेल तर ते बहुतेक देशांत गाळायचं असतं, म्हणजे लंडनचा नंबर तिकडच्या तिकडे ०२० ने लावतात, बाहेरून मात्र +४४ २० आणि पुढचे आकडे. लोक व्हिजिटिंग कार्डावर ते शून्य कंसात छापतात, ते बाहेरून लावायचं नाही. इटली याला अपवाद, तिथल्या लँडलाइनचं शून्य ठेवावंच लागतं. अर्जेंटिनाचा मोबाईल असेल तर +५४ नंतर ९ घालतात. कोड धरून कुठलाही आंतरराष्ट्रीय नंबर १५ आकड्यांपेक्षा मोठा नसतो, त्याहून मोठा झाला तर काहीतरी चुकलंय.

+१ बद्दल जरा सावध राहा. +१ म्हणजे अमेरिका असं आपण धरून चालतो, पण कॅनडा आणि कॅरिबियनमधली बरीच बेटंसुद्धा +१ मधेच येतात, जमैकाचा ८७६, डॉमिनिकन रिपब्लिकचा ८०९, आणि त्यांचे रेट अमेरिकेपेक्षा बरेच जास्त असू शकतात. असल्याच महागड्या नंबरांवरून एक रिंग देऊन कट करायचं आणि तुम्ही उलटा फोन केलात की पैसे कमवायचे, ही जुनी फसवणूक आहे. अनोळखी परदेशी मिस्ड कॉलला उलटा फोन करू नका. ८८१ आणि ८८२ ने सुरू होणारे नंबर दिसले तर थांबाच, त्यात सॅटेलाइट फोनही येतात आणि रेट खूप चढे असतात.

समोरच्याला तुमचा कॉल कसा दिसतो याचा विचार आपण करतच नाही. अॅपवरून गेलेला कॉल बऱ्याचदा 'अननोन' किंवा कुठल्यातरी भलत्या नंबरवरून आल्यासारखा दिसतो, आणि म्हातारी माणसं असा फोन उचलत नाहीत, आणि बरोबरच करतात. बहुतेक अॅपमधे स्वतःचा मोबाईल नंबर ओटीपीने व्हेरिफाय करून कॉलर आयडी म्हणून लावता येतो, ते पहिल्याच दिवशी करा. तरी सगळ्या देशांत तो नीट पोचेलच असं नाही, म्हणून फोनची वेळ ठरवून ठेवलेली बरी. वेळ ठरवताना घड्याळातला फरक वर्षभर एकच राहतो असं धरू नका, कितीतरी देशांत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात.

मला सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे तिकडचा लोकल नंबर विकत घेणं. व्हर्च्युअल नंबर म्हणतात त्याला. मावशीच्या शहराचाच एक नंबर महिन्याच्या भाड्याने घेतला, तो माझ्या अॅपला जोडला, आता ती तिच्या लँडलाइनवरून नेहमीसारखा गावातल्या गावात फोन करते आणि माझ्या हातात मोबाईल वाजतो. तिला नवीन काही शिकावं लागलं नाही. बॅलन्स, कोड, अॅप, सगळं माझ्या बाजूला. काही देशांत असा नंबर घ्यायला तिथला पत्ता किंवा ओळखपत्र मागतात, तेवढं आधी विचारून घ्या. आणि बँकेचे ओटीपी या नंबरवर येतील अशी आशा धरू नका, बऱ्याच बँका असे नंबर घेतच नाहीत.

ज्यांचं बोलणं जास्त आहे, घरात दोघं-तिघं वापरणार आहेत, त्यांनी एसआयपी (नेटवरून कॉल जोडायची एक ठरलेली पद्धत) अकाउंट बघावं. कंपनी तुम्हाला युजरनेम, पासवर्ड आणि सर्व्हरचं नाव देते, ते लिनफोन किंवा झोइपरसारख्या सॉफ्टफोनमधे, म्हणजे फोनचं काम करणाऱ्या अॅपमधे, भरलं की झालं. एटीए नावाची छोटी डबी मिळते, ती राउटरला जोडून तिच्यात घरचा जुना फोनही लावता येतो. फायदा असा की फोन तोच ठेवून कंपनी बदलता येते. पण पासवर्ड लांबलचक ठेवा, कारण चोर नेटवर सतत असली अकाउंट शोधत फिरत असतात आणि सापडलं की रातोरात महागड्या देशांना कॉल करून बॅलन्स साफ करतात. सेटिंगमधे ज्या देशांना कधीच फोन करणार नाही ते ब्लॉक करता येत असतील तर करून टाका. समोरच्याचं तुम्हाला ऐकू येतंय पण तुमचा आवाज जात नाही, किंवा उलटं, असं झालं तर राउटरमधलं एसआयपी एएलजी नावाचं सेटिंग बंद करून बघा, बहुतेक वेळा तिथेच सुटतं. आणि बँकेच्या आयव्हीआरमधे एक दाबा, दोन दाबा म्हणतात आणि तुमचं बटण पोचतच नाही, तर सॉफ्टफोनच्या सेटिंगमधे डीटीएमएफ (दाबलेलं बटण पलीकडे कळवायची पद्धत) शोधा आणि त्यात आरएफसी २८३३ हा पर्याय निवडा.

आवाजाबद्दल. लोकांना वाटतं नेटचा स्पीड वाढवला की आवाज सुधारेल, पण आवाजाला स्पीड फारसा लागतच नाही. जी ७११ नावाचा जुना कोडेक, म्हणजे आवाज नेटवरून पाठवण्याजोगा करायची पद्धत, सगळं धरून एका दिशेला साधारण ८७ केबीपीएस घेतो, म्हणजे तासभराच्या कॉलला दोन्ही बाजू मिळून ८० एमबीच्या आसपास, आणि ओपससारखा नवा कोडेक त्याच्या निम्म्यातही छान चालतो. त्रास होतो तो तुकडे उशिरा किंवा कमीजास्त वेळाने पोचल्यामुळे. आवाज एका बाजूहून दुसरीकडे पोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये अशी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस आहे, त्याच्या बरंच पुढे गेलं की दोघं एकदमच बोलायला लागतात, मग दोघं गप्प बसतात, आणि परत दोघं एकदम. तेव्हा कॉलच्या वेळी घरात कुणी मोठा व्हिडिओ अपलोड करत नाहीये ना बघा, राउटरच्या जवळ बसा, जमलं तर केबल लावा. हेडफोन लावाच. स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल तर दोष बहुतेक समोरच्या टोकाला असतो, त्यांच्या स्पीकरचा आवाज त्यांच्याच माइकमधे शिरतो, तेव्हा त्यांना स्पीकर बंद करायला सांगा.

दोन गोष्टी थोडक्यात. काही देशांत इंटरनेट कॉलवर बंधनं आहेत, संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअॅप कॉल चालत नाही, परवानगी असलेलीच अॅप वापरावी लागतात, तेव्हा तिथे कुणी असेल तर आधी त्यांना तिथलं कुठलं अॅप चालतं ते विचारा. आणि पोलीस, अँब्युलन्स यांच्यासाठी या अॅपवर कधीच विसंबू नका, त्यासाठी साधा मोबाईल किंवा लँडलाइनच.

नवीन सेवा घेतली की मी एक चाचणी करते, तुम्हीही करा. सगळ्यात कमी रक्कम भरायची, बॅलन्स कागदावर लिहायचा, ज्या नंबरला नेहमी बोलायचंय त्यालाच लावायचा, घड्याळ लावून सत्तर सेकंद बोलायचं आणि ठेवायचं. मग बॅलन्स परत बघायचा. एका मिनिटाच्या रेटपेक्षा थोडंसंच जास्त गेलं तर हिशोब सेकंदावर आहे, दुप्पट गेलं तर मिनिटावर, त्याहून जास्त गेलं तर कनेक्शन फी किंवा टॅक्स लपलाय. हे एकदा कळलं की पुढचे हिशोब तोंडी करता येतात.

मावशीचं आन्सरिंग मशीन मात्र मी तिच्या शेजारच्या मुलाला सांगून बंदच करून घेतलं. आता फोन वाजत राहतो, ती भिंतीला धरून सावकाश येते, आणि मीटर सुरू होतं ते तिने रिसीव्हर उचलून हॅलो म्हटल्यावरच.