नोकरी सोडून वकिलीकडे वळताय? या चुका टाळा

भोसरीतल्या कारखान्यांमध्ये क्वालिटी विभागात मी बारा वर्षं काढली. पहिल्या कंपनीत जवळजवळ आठ, दुसऱ्या कंपनीत चार वर्षं चार महिने. 2016 साली राजीनामा दिला, तीन वर्षांची एलएलबी केली आणि 2019 मध्ये सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, हातात आली. हल्ली आयटीतली, बँकेतली, शाळेतली माणसं विचारायला येतात, 'आम्हीही येऊ का या क्षेत्रात?' जरूर या. मला या निर्णयाचा एक दिवसही पस्तावा झालेला नाही. पण मी सगळ्या गोष्टी उलट्या क्रमाने केल्या आणि त्याची किंमत घरच्यांनी मोजली. आधी काय आणि नंतर काय, एवढं जरी कुणी तेव्हा नीट सांगितलं असतं तरी खूप वाचलं असतं.

कोर्टात एकही दिवस न बसता ठरवणं

न्यायालयाचं कामकाज खुलं असतं, कुणीही मागच्या बाकावर बसून ऐकू शकतं. रजा टाकून शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात किंवा तुमच्या तालुक्याच्या कोर्टात चार-पाच दिवस बसा. सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, पाहा, पुकारा ऐका. तीन तास थांबून पाच मिनिटांत पुढची तारीख घेऊन बाहेर पडणारा वकील पाहा. हे पाहूनही मन तिथेच रमत असेल तर पुढचं वाचा.

'नोकरी सांभाळून करतो' या भरवशावर राहणं

सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात. प्रवेश अवघड नाही. कोणतीही पदवी असेल तर एमएच-सीईटी लॉ ही प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला जाता येतं. पण घरबसल्या पत्रद्वारे केलेल्या एलएलबीवर सनद मिळत नाही. कॉलेजात जाऊन, हजेरी लावूनच ती करावी लागते. 'हजेरीचं आम्ही बघतो' असं कुणी सांगितलं तर तिथून उठा. 2024 च्या सप्टेंबरमध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिलांवर आणि कायद्याच्या शिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, कॉलेजांना पत्रक काढून विद्यार्थ्यांकडून नोकरीची माहिती आणि मालकाचं ना-हरकत पत्र घ्यायला सांगितलं आहे. तीन वर्षं शिकून शेवटी या कागदावर अडणं फार जिव्हारी लागतं. सकाळच्या वर्गांचं कॉलेज आणि शिफ्ट बदलून देणारा साहेब, दोन्ही मिळत असतील तरच हा मार्ग धरा, आणि तोही लेखी परवानगी घेऊन.

याहून मोठा गैरसमज सनदेचा. बार कौन्सिलच्या नियम 49 प्रमाणे वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. नियम 47 प्रमाणे स्वतः धंदाही चालवता येत नाही. फार तर प्रत्यक्ष कारभार न पाहणारा भागीदार राहता येतं. म्हणजे शनिवारी वकिली आणि सोमवारी ऑफिस असा बेत मुळातच बसत नाही. सनद घेण्याच्या दिवशी पगार थांबलेला असला पाहिजे. सगळं नियोजन या तारखेपासून मागे मोजत करायचं.

राजीनाम्याची तारीख रागात ठरवणं

माझी खरी चूक ही. एका मीटिंगनंतर घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा टाकला. कायम कामगाराला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची सलग सेवा लागते, हे मला माहीत होतं, पण डोकं ठिकाणावर नव्हतं आणि दुसऱ्या कंपनीतली पाच वर्षं भरली नाहीत. हिशेब सोपा आहे : शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 26,000 असेल तर त्याला 26 ने भागा, 15 ने गुणा, मग सेवेच्या वर्षांनी गुणा. पाच वर्षांचे 75,000 होतात. ज्युनिअर वकिलाच्या घरात तेवढ्यावर कित्येक महिने किराणा येतो.

पीएफ लगेच काढायची घाई करू नका. सेवा सलग पाच वर्षांपेक्षा कमी असेल तर काढलेल्या रकमेवर कर लागतो. जुन्या कंपनीचा पीएफ नव्या खात्यात वळवला असेल तर ती वर्षंही धरली जातात. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. माझी दोन कंपन्यांची मिळून ती भरली, ती केवळ आधीचा पीएफ वळवून घेतला होता म्हणून.

कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. आधीपासूनच्या आजारांना नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून घरच्यांची स्वतंत्र पॉलिसी पगार चालू असतानाच घ्या. गृहकर्जाचंही तेच. पगारपत्रक गेलं की बँक काही वर्षांची आयकर विवरणपत्रं मागते.

राज्य सरकारी नोकरीत 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी लागलेल्यांना एक कळकळीची विनंती. राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती या एकच गोष्ट नाहीत. राजीनाम्याने मागची सेवा पेन्शनच्या दृष्टीने वाया जाते, तर 20 वर्षं अर्हताकारी (पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या) सेवेनंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. अर्जावर कोणता शब्द लिहिताय ते चार वेळा पाहा.

पहिल्या दिवसापासून कमाई धरणं

बार कौन्सिलने 2024 मध्ये ज्युनिअरना शहरात 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये मानधन द्यावं असं सुचवलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही. एलएलबीची तीन आणि सनदेनंतरची निदान दोन, अशा पाच वर्षांचा घरखर्च कुठून येणार हे बायकोबरोबर किंवा नवऱ्याबरोबर बसून वहीत लिहा. घरातलं माणूस आकडा पाहून हो म्हणालं तरच तो होकार खरा. एक खर्च मात्र हलका झालाय. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै 2024 च्या निकालामुळे सनद नोंदणीला सर्वसाधारण गटात 750 रुपयांपेक्षा जास्त शुल्क घेता येत नाही.

न्यायाधीश व्हायचा थेट बेत

सर्वोच्च न्यायालयाच्या 20 मे 2025 च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आली. त्याखेरीज वयोमर्यादा असते. पस्तिशीत एलएलबीला बसणाऱ्याने हे गणित आधीच मांडावं.

जुना धंदा विसरून जाणं

मी सुरुवातीला कारखान्याचं नावही काढत नसे. ज्युनिअरशिपच्या दुसऱ्या वर्षी सीनियरांकडे चाकणचा एक लघुउद्योजक आला. मोठ्या खरेदीदाराने माल नाकारल्याचं सांगून बिल अडवलेलं. गेट इनवर्डचा (माल आत आल्याचा) शिक्का, रिजेक्शन नोटची तारीख आणि डेबिट नोट (बिलातून रक्कम वजा केल्याचा कागद) यांचा मेळ बसत नाही, हे ऑफिसात मला एकट्याला दिसलं. माल नाकारायला फार उशीर केला होता. 2006 च्या एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघुउद्योगांची बिलं करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यावी लागतात, नाहीतर चक्रवाढ व्याज लागतं. ते प्रकरण या कायद्याखालच्या, अशा थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या परिषदेपुढे लढवलं आणि तेव्हापासून माझ्याकडे बोटावर मोजण्याइतके का होईना, स्वतःचे पक्षकार आले. बँकेतल्या माणसाला कर्जाची कागदपत्रं कळतात, नर्सला केसपेपर वाचता येतो, साइट इंजिनिअरला बिल्डरचा ताबा-उशीर कुठे लपतो ते कळतं. सीनियर निवडताना ही कामं जिथे चालतात ते ऑफिस शोधा.

चूक आधीच झाली असेल तर

राजीनामा दिलाय पण नोटीस पिरियड चालू आहे? ग्रॅच्युइटीला थोडेच महिने कमी पडत असतील तर एचआरशी बोलून शेवटचा दिवस पुढे सरकवता येतो का, आजच विचारा. रिलिव्हिंग लेटर आणि फुल अँड फायनलचा हिशेब हातात आल्याशिवाय लॅपटॉप परत करून निघून येऊ नका.

सीनियर वर्षभर नुसत्या तारखा घ्यायला पाठवतोय, एक अर्जही लिहू देत नाही? नम्रपणे सांगून ऑफिस बदला. यात कुणाचा अपमान नसतो.

नोकरीत असताना सनद घेऊन ठेवली असेल तर ती लपवत बसू नका. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे अर्ज करून सनद स्थगित करून घ्या. पैसे संपले म्हणून पुन्हा नोकरी धरावी लागली तरी हाच अर्ज करायचा. परिस्थिती सावरली की सनद पुन्हा चालू करता येते. माझ्याबरोबर शिकलेल्या एका मैत्रिणीने मुलीच्या आजारपणात तसं केलं, दोन वर्षं एका कंपनीच्या कायदा विभागात पगारावर राहिली आणि परत आली. आता आमच्या शेजारच्याच टेबलावर बसते.