कामाचा ताण कसा हाताळावा: आधी कामाकडे पाहा, मग स्वतःकडे

वाळूजच्या कारखान्यात दर आठवड्याला पाळी बदलणारा ऑपरेटर, जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये भट्टीजवळ उभा राहणारा कामगार, मे-जूनमध्ये पीककर्जाच्या गर्दीला तोंड देणारी परभणीच्या बँकेतली कर्मचारी आणि अतिवृष्टीनंतर बांधाबांधावर पंचनामे करत फिरणारा तलाठी यांच्या कामात फारसे साम्य नाही. सल्ला मात्र सगळ्यांना एकच मिळतो: ‘टेन्शन घेऊ नका.’ हा सल्ला कुचकामी आहे, कारण ताणाचा मोठा भाग कामाच्या मांडणीतून तयार होतो आणि तो माणसाच्या निव्वळ निश्चयाने जात नाही. म्हणून या लेखात सुरुवात कामापासून केली आहे. झोप, श्वास आणि आहार यांचा विचार त्यानंतर येतो.

आधी शरीरात काय घडते ते समजून घ्यावे. संकटाची जाणीव झाली की मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात सोडतात, ठोके वाढतात, रक्तदाब चढतो आणि स्नायूंना तातडीने साखर मिळते. मार्चअखेरच्या दोन-चार दिवसांत हीच यंत्रणा उपयोगी पडते. तीच अवस्था महिनोन्महिने टिकली तर झोप मोडते, पोट बिघडते, मान आणि पाठ धरते, रक्तदाब वाढलेला राहू शकतो आणि लक्ष इतके विखुरते की रोजच्या सवयीच्या कामातही चुका होऊ लागतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त विश्लेषणानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी, तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो. जास्त तास थांबणारा माणूस कामसू ठरतो, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे आणि ती जिवावर बेतू शकते.

पहिली पायरी: दोन आठवडे नोंद ठेवा

खिशात मावेल अशी वही घ्यावी आणि ताण जाणवला की त्याच दिवशी चार गोष्टी लिहाव्यात: वेळ, नेमके काय घडले, शरीरात काय जाणवले आणि त्यानंतरच्या कामावर काय परिणाम झाला. ‘आज खूप टेन्शन होते’ अशी नोंद निरुपयोगी असते. ‘सकाळी सव्वाअकरा, सर्व्हर बंद, काउंटरवर रांग, एका खातेदाराचा आवाज चढला, मान ताठरली, नंतर दोन व्हाउचर चुकले’ ही नोंद उपयोगी आहे, कारण तिच्यात कारण आणि परिणाम दोन्ही दिसतात. त्याच पानावर झोपेचे तास, चहाचे कप आणि तंबाखू किंवा सिगारेट किती वेळा झाली तेही लिहावे. दोन आठवड्यांनी वही सलग वाचली की एरवी न दिसणाऱ्या गोष्टी दिसू लागतात. उदाहरणार्थ, चुका सकाळी कमी आणि जेवणानंतर जास्त होतात, किंवा डोकेदुखी ठरावीक बैठकीच्या दिवशीच येते.

दुसरी पायरी: मूळ कुठे आहे ते ओळखा

अमेरिकी संशोधक रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेला विचार आजही उपयोगी आहे: कामाची मागणी जास्त आणि ते कसे करायचे हे ठरवण्याची मुभा कमी, या जोडीतून सर्वाधिक ताण निर्माण होतो. पंचनाम्याचे काम हे त्याचे ठळक उदाहरण म्हणता येईल. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात झालेल्या अतिवृष्टीनंतर मुदत वरून ठरलेली, निकष वरून ठरलेले, ॲपचा वेग हातात नाही, आणि समोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याचे दुःख मात्र प्रत्यक्ष कर्मचाऱ्यालाच ऐकावे लागणार, अशी ही स्थिती होती.

वहीतील प्रत्येक नोंदीपुढे ती कोणत्या प्रकारात बसते ते लिहावे: काम जास्त आहे, मुभा कमी आहे, केलेल्या कामाची कदर किंवा मोबदला नाही, की माणसांचा त्रास आहे. यातला शेवटचा प्रकार वेगळा काढावा. अपमान, जातीवरून टोमणे किंवा लैंगिक छळ यांवर श्वसनाचे व्यायाम हा उपाय नव्हे. २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे, त्याहून लहान ठिकाणी काम करणाऱ्या महिलांना जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते, आणि तक्रार साधारणपणे ३ महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते.

तिसरी पायरी: साहेबांशी एकच मागणी घेऊन बोला

बहुतेक जण ही पायरी टाळतात, आणि माझ्या मते सर्वांत मोठा फरक इथेच पडतो. ‘मला झेपत नाही’ असे सांगितले की ऐकणारा माणसाच्या क्षमतेविषयी विचार करू लागतो. कामांची यादी समोर ठेवली की तो कामाविषयी विचार करतो. त्यामुळे बोलण्याआधी कागदावर कामे, प्रत्येकाला लागणारा वेळ आणि मुदत लिहून घ्यावी. गर्दीची वेळ, बैठकीचा दिवस आणि चारचौघे टाळून, दहा मिनिटे मागून घ्यावीत. बोलणे साधारण असे असावे: ‘सर, पीककर्जाची नूतनीकरणे, विम्याच्या तक्रारी आणि मासिक अहवाल ही तिन्ही कामे शुक्रवारपर्यंत माझ्याकडे आहेत. यातली दोन वेळेत आणि बिनचूक होतील. तिसरे कोणते मागे ठेवू, ते आपण सांगावे.’ या वाक्यांत नकार नाही आणि तक्रारही नाही, मात्र प्राधान्य ठरवण्याची जबाबदारी ज्याची आहे त्याच्याकडे, म्हणजे साहेबांकडे जाते.

मागणी एका वेळी एकच असावी आणि ती साहेबांच्या अधिकारात बसणारी असावी. जास्तीचा माणूस द्या, ही मागणी शाखाधिकाऱ्याच्या हातात नसते. दुपारी दोन ते तीन काउंटरऐवजी टेबलाचे काम द्या, पाळीचे वेळापत्रक महिनाभर आधी लावा, रात्री नऊनंतर व्हॉट्सॲप ग्रुपवर तातडी नसलेले निरोप टाकू नका, या गोष्टी हातात असतात. होकार मिळाला तर त्याच दिवशी दोन ओळींचा नम्र संदेश पाठवून ठरलेले नोंदवावे. नकार मिळाला तर कारण विचारावे आणि महिनाभराने पुन्हा बोलण्याची वेळ ठरवून घ्यावी. एकट्याने बोलणे अवघड वाटत असेल, तर त्याच कामात असलेल्या दोघा-तिघांनी किंवा कामगार संघटनेच्या प्रतिनिधीने मिळून बोलावे.

चौथी पायरी: दिवसाची मांडणी बदला

डोक्याला ताण देणारे काम दिवसाच्या पहिल्या दोन तासांत करावे आणि त्या वेळेत शक्य असल्यास फोन पालथा ठेवावा. दीड-दोन तासांनी पाच-दहा मिनिटे जागेवरून उठावे. जेवणाचा डबा टेबलावर फाईल चाळत खाऊ नये.

पाचवी पायरी: शरीराला आधार द्या

मराठवाड्यात याचा विचार उन्हापासून करावा लागतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये किंवा भट्टीजवळ त्याहूनही जास्त तापते. शरीरातले पाणी कमी झाले की चिडचिड, डोकेदुखी, थकवा आणि विसराळूपणा येतो. ही सगळी लक्षणे मानसिक ताणासारखीच दिसतात, आणि अनेकदा माणूस कामाला दोष देत असतो तेव्हा त्याला पाण्याची गरज असते. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे, डब्याबरोबर ताक न्यावे, खूप घाम येत असेल तर ओआरएस घ्यावे. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. सहकारी बरळू लागला किंवा त्याची शुद्ध हरपत असेल, तर तो उष्माघात समजून त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी मारून वारा घालावा आणि लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

रात्रपाळी असणाऱ्यांनी पाळीआधी एक झोप काढावी, पाळीच्या उत्तरार्धात चहा-कॉफी टाळावी आणि सकाळी घरी आल्यावर खोली पूर्ण अंधारी करून झोपावे. घरच्यांनीही ती झोप रात्रीची झोप मानली पाहिजे. ‘दिवसभर झोपतो’ हा शेरा ऐकून पाहुण्यांसाठी उठणारे कित्येक कामगार वर्षानुवर्षे अर्धवट झोपेवर जगत आहेत. पाळी बदलायचीच असेल तर सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकणारा क्रम शरीराला तुलनेने सोपा जातो, हे व्यवस्थापनाला सांगण्यासारखे आहे. रात्रपाळीनंतर डोळे मिटत असतील तर मोटारसायकल चालवू नये.

तंबाखूची चिमूट किंवा गुटख्याची पुडी ताण घालवते, असे वाटते. प्रत्यक्षात निकोटिन ठोके आणि रक्तदाब वाढवते. जाणवणारा आराम बराचसा तलफ भागल्याचा असतो. चहाचेही प्रमाण पाहावे, कारण कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जाण्यास साधारण पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी सहाचा चहा रात्री अकरालाही काम करत असतो.

प्रसंगी ताबडतोब शांत व्हायचे असेल, तर चार आकडे मोजत श्वास घ्यावा आणि सहा आकडे मोजत सोडावा, असे पाच मिनिटे करावे. लांब उच्छ्वासामुळे ठोक्यांचा वेग उतरण्यास मदत होते. व्यायामासाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे पुरेसे आहे; उन्हाळ्यात ते सूर्योदयाआधी उरकावे.

सहावी पायरी: गावाकडचा भार वेगळा काढा

आपल्याकडे नोकरदाराच्या डोक्यात बहुधा एक शेतही असते. चिखलठाण्यात यंत्रासमोर उभ्या असलेल्या माणसाला घनसावंगीहून फोन येतो की पाऊस उघडला, सोयाबीन कधी काढायचे, मजूर मिळत नाहीत. हा ताण कामाच्या वेळेत मिसळला की दोन्हीकडे नुकसान होते. घरी सांगून फोनची एक वेळ ठरवावी, तातडीच्या निरोपासाठी एका व्यक्तीकडे जबाबदारी द्यावी, आणि पेरणी व काढणीच्या आठवड्यांसाठी रजा आधीच मागून ठेवावी. कर्जाचा हप्ता मनात घोळत असेल तर आकडे जोडीदारासमोर मांडून महिन्याचा हिशेब एकदा कागदावर करावा.

सातवी पायरी: मदत कधी घ्यावी

दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस मन उदास राहत असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप किंवा भूक बदलली असेल, दारू वाढली असेल, तर थांबू नये. जिल्हा रुग्णालयात, तसेच छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात आणि अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभागात तपासणी होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवस-रात्र निःशुल्क उपलब्ध असून तिथे मराठीत बोलता येते. मरणाचे विचार येत असतील तर त्याच क्षणी हा क्रमांक लावावा आणि घरातल्या एका माणसाला जवळ बसवून घ्यावे. छातीत दाब, डाव्या हातात कळ आणि घाम येत असेल तर ‘टेन्शनमुळे असेल’ असे म्हणून घरी बसू नये. तातडीने हृदयाची तपासणी करून घ्यावी.

हाताखाली माणसे असतील तर

शाखाधिकारी, मुख्याध्यापक, सुपरवायझर यांच्या हातात इतरांपेक्षा जास्त असते. एरवी नीट काम करणारा माणूस अचानक चुका करू लागला, रजा वाढल्या, बोलणे कमी झाले, तर मेमो देण्याआधी त्याला बाजूला बसवून ‘कामाचे काय चालले आहे?’ एवढेच विचारावे आणि मध्ये न बोलता ऐकावे. मुदत देताना ती का ठरली ते सांगावे. चूक खोलीत सांगावी, कौतुक सर्वांसमोर करावे, आणि वर्षातले गर्दीचे महिने ठाऊक असतात म्हणून त्या महिन्यांची रजा, पाळ्या आणि बदली माणसे यांची आखणी दोन महिने आधी टेबलावर आणावी.