समीकरणावरून साइनची व्याख्या करताना या चुका टाळा

य″ = −य, य(०) = ०, य′(०) = १. (य हे क्षचं फल, य′ त्याचा अवकलज म्हणजे बदलाचा दर, य″ अवकलजाचा अवकलज.) या समीकरणाची उकल म्हणजे साइन आणि साइनचा अवकलज म्हणजे कोसाइन. व्याख्या एवढीच. पुढे जे घसरतं ते बहुतेकदा त्रिकोण डोक्यातून न गेल्यामुळे.

नेहमीची चूक म्हणजे पॉवर सीरीजचे (क्षच्या वाढत्या घातांच्या अनंत बेरजेचे) सहगुणक टेलरच्या सूत्राने, म्हणजे शून्यापाशीच्या अवकलजांवरून, शाळेतले अवकलज वापरून काढणं. ते अवकलज वर्तुळाच्या भूमितीतून आलेले असतात. तीच टाळायची होती. त्याऐवजी सीरीज थेट समीकरणात घाला. क्षच्या न-व्या घाताचा सहगुणक अ(न) असेल, तर (न+१)(न+२)·अ(न+२) = −अ(न). अ(०) = ०, अ(१) = १ घेतलं की क्ष − क्ष³/६ + क्ष⁵/१२० − … आपोआप मिळतं.

इथे गुणोत्तर कसोटी (एका पदाला आधीच्या पदाने भागून बेरीज आटोक्यात राहते का ते पाहणं) लागोपाठच्या सहगुणकांना लावू नका, एक सोडून एक शून्य आहे. फक्त शून्येतर पदं घ्या: गुणोत्तर क्ष²/((न+१)(न+२)) शून्याकडे जातं, म्हणून सीरीज सर्वत्र अभिसारी, म्हणजे बेरीज ठरावीक किमतीकडे जाते. पदशः (एकेका पदाच्या) अवकलनाची परवानगीही यातूनच मिळते.

उकल एकच आहे, हे सिद्ध करायचं राहून जातं. दोन उकलींची वजाबाकी व घ्या. व² + (व′)² चा अवकलज शून्य, सुरुवातीची किंमतही शून्य, म्हणून व शून्यच. याच युक्तीने साइन² + कोसाइन² = १ फुकटात मिळतं. बेरजेची सूत्रंही आकृतीतून नकोत: ब स्थिर धरला की साइन(क्ष+ब) हीसुद्धा उकल आहे, सुरुवातीच्या किमती जुळवा.

पाय मात्र गृहीत धरता येत नाही. कोसाइन(०) = १, आणि कोसाइनच्या सीरीजची पहिली तीन पदं घेतली की कोसाइन(२) < १ − २ + २/३ = −१/३. (पदं दुसऱ्यापासून घटतात, पहिल्यापासून नव्हे, हे न तपासता आलटत्या चिन्हांचा नियम (पदं घटत असतील तर खरी बेरीज लागोपाठच्या दोन अपूर्ण बेरजांच्या मध्ये असते) लावला तर पुरावा लंगडा.) ० ते २ मध्ये साइन धन, म्हणून कोसाइन उतरता आणि त्याचं शून्य एकच. त्या शून्याची दुप्पट म्हणजे पाय.

अंश वापरलेत तर समीकरणच बदलतं: य″ = −(पाय/१८०)²·य.

संगणकावर साइन(३०), म्हणजे ३० रेडियन, सरळ सीरीजने काढू नका. मधली पदं सुमारे ७८,००० कोटींपर्यंत चढतात आणि डबल प्रिसिजनमध्ये (संगणकाच्या सुमारे १६ अंकी अचूकतेत) चौथ्या दशांश स्थळापासूनच भरवसा उरत नाही. आधी दोन पायच्या पटी वजा करा.