सुट्टीत वाचायला दिलेलं इंग्लिश पुस्तक

सुट्टी लागल्या लागल्या पुस्तक संपवून टाकू नका, शाळा उघडेपर्यंत निम्मी नावंसुद्धा आठवत नाहीत. एकूण पानं भागिले उरलेले दिवस करा, त्यातले शेवटचे चार-पाच दिवस सोडून द्या, म्हणजे रोजचं टार्गेट कळतं आणि ते बहुतेक वेळा अगदीच किरकोळ निघतं. चॅप्टर झाला की पुस्तक मिटून आठवेल तसं दोन-तीन ओळीत लिहायचं, कोणी काय केलं आणि का, आणि एखादं भारी वाक्य पान नंबरसकट उतरवून ठेवायचं, कारण निबंधात पुरावा म्हणून तेच लागतं, नेटवरच्या समरीत ते सहसा मिळत नाही. प्रत्येक शब्दाला डिक्शनरी नको, परत परत येणारेच बघा. जड भाषा असेल तर ऑडिओबुक लावून सोबत वाचलं तरी चालतं.